बैलाची आन

शंकरपटावरची, म्हणजे बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठली, त्यानंतरचा दुसरा हिवाळा. सिंदेवाही तालुक्यातलं एक गाव, धान कापून मोकळी झालेली बांधी, तिच्यात उभारलेला मंडप, आणि रात्रीचे दोन वाजलेले. मी विंगेत वही घेऊन बसलो होतो. झाडीपट्टीच्या नाटकाला प्रॉम्प्टर लागतोच. कंपन्यांची बिऱ्हाडं वडशाला, दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, तालमी बेताच्या. नटाच्या डोक्यात संहिता अर्धीच असते, उरलेली अर्धी माझ्या तोंडात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना पाढे सांगत आलो आणि रात्री मोठ्या माणसांना संवाद. दोन्हीकडे गुरुजीच म्हणतात.

त्या रात्रीचा प्रवेश विनोदी जोडप्याचा होता. नवरा उशिरा घरी येतो, बायको झाडू घेऊन दारात, "कोठी गेल्ता?" त्याचं उत्तर तिला पटत नाही. ती म्हणते, घे आन. माझ्या वहीत पुढचं वाक्य होतं, "आपल्या पोराची आन." मी दिलं. तो गप्प. मी पुन्हा दिलं, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्याने तिरक्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "बैलाची आन!" समोरची बाई कसलेली. श्वासही न घेता तिने विचारलं, "कोन्त्या बैलाची? थो तं मागल्या सालीच इकलास!" पटाचं गाव, बैलांवर जीव टाकणारी माणसं. मंडप असा हसला की पेटीवाल्याला सूर सोडून थांबावं लागलं.

अंक संपल्यावर मी त्याच्यावर चिडलो. लिहिलेलं बोलायचं नसेल तर मला कशाला बसवता? तो तोंडावरचा रंग पुसत होता. म्हणाला, "गुरुजी, पोरगा दवाखान्यात हाये, ब्रह्मपुरीले."

त्याच हिवाळ्यातल्या जानेवारीत कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली होती आणि विनोदी नटाचं महत्त्व या विषयावर जो तो बोलत होता. मी मात्र कितीतरी दिवस या एका वाक्यापाशी अडकून होतो. रंगमंचावर घेतलेली शपथ लागते का? सगळ्यांना ठाऊक असतं की हे सोंग आहे. घेणाऱ्याला, घ्यायला लावणारीला, पाहणाऱ्यांना. देवालाही ठाऊक असणारच. तरी त्या माणसाची जीभ वळली नाही. आणि मी, ज्याने दर हिवाळ्यात पोरांच्या, आईच्या, महाकालीच्या, मार्कंडाच्या अशा किती शपथा हळू आवाजात पुरवल्या, त्याचा हिशेब कोणाच्या वहीत जातो?

शास्त्र पाहिलं तर आम्हा नाटकवाल्यांना चिंता नसावी. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला पटवते, तेव्हा पाच ठिकाणचं खोटं बोलणं निर्दोष असल्याचं सांगते. थट्टेत, स्त्रियांच्या बाबतीत, लग्नाच्या वेळी, जिवावर बेतलं असता आणि सर्वस्व लुटलं जात असता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर थेट शपथेचंच नाव आहे. प्रेयसीशी, लग्नाच्या कामात, गाईच्या चाऱ्यासाठी, सरपणासाठी आणि ब्राह्मणाच्या रक्षणासाठी घेतलेल्या शपथेला पातक नाही. थट्टा, बाई आणि लग्न. फार्स लिहिणाऱ्याला आणखी काय लागतं? सगळा माल करमुक्त करून ठेवला आहे.

पण महाभारत लिहिणारा मनूपेक्षा वस्ताद. शुक्राचार्यांनी ययातीला बजावलं होतं की शर्मिष्ठेला शेजेवर घ्यायचं नाही. शर्मिष्ठेचा युक्तिवाद ऐकून त्याने ते मोडलं. पुढे देवयानीला कळलं, नवरा-बायकोचं भांडण झालं, ती बापाकडे गेली आणि बापाने जावयाला ऐन तारुण्यात म्हातारा करून टाकलं. पातक लागलं नाही म्हणावं तर म्हातारपण लागलं. नियम सांगणारी बाई आणि नियमाचं फळ, दोन्ही एकाच गोष्टीत शेजारी ठेवून व्यास गप्प बसले आहेत. मला त्यांचं हे गप्प बसणं मनूच्या श्लोकापेक्षा खरं वाटतं.

आपल्या भाषेत शपथेला दोन क्रियापदं आहेत, घेणे आणि घालणे. कोर्टात आणि विधानभवनात शपथ घेतात. घरात घालतात. घेणारा स्वतःला बांधून घेतो. घालणारा दुसऱ्याला बांधतो, आणि बांधायला दोरी वापरतो ती स्वतःच्या जिवाची. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला." "गेलात तर माझं मेलेलं तोंड पाहाल." बघा, यात मरणार ती, पाप लागणार त्याला, आणि देवाला नुसतं पंच म्हणून उभं केलेलं. लहान पोरांचा व्यवहार याहून शहाणा. ती शप्पथ घालतात, पण तिला सुटकाही ठेवतात. समोरच्याने ऐकलं नाही आणि घालणाऱ्याला भीती वाटू लागली, की तो "सुटली" म्हणतो. म्हटलं की सुटली. आईला काही होत नाही. मधल्या सुट्टीत मी हा कारभार इतक्या वर्षांत हजारदा पाहिला. मोठ्यांच्या धर्मशास्त्रात खोटी शपथ घेणाऱ्याला प्रायश्चित्तं सापडतात. घातलेली शपथ मागे घेण्याचा इतका सोपा विधी मला कुठे सापडला नाही.

आमच्याकडे घातलेल्या शपथांत निम्म्या दारूच्या असतात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात बायांनी रस्त्यावर उतरून २०१५ साली बंदी आणवली, २०२१ मध्ये ती उठली. मध्ये वैनगंगा. अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा. एका नटाला त्याच्या बायकोने शपथ घातलेली, वडशात दारूला शिवायचं नाही. तो इमानाने पूल ओलांडून ब्रह्मपुरीला यायचा. तिला कळलं तेव्हा तिने नदीसकट शपथ घातली.

आता माझ्या आवडत्या नाटकाकडे येतो. १९७४ च्या सुमारास आमच्या गावच्या मंडळाने देवलांचं 'संशयकल्लोळ' केलं होतं. बाया रंगमंचावर यायच्या नाहीत, त्यामुळे मिसरूड काढून मला कृत्तिका करण्यात आलं. आईचं नऊवारी, मावशीच्या बांगड्या. पदं अर्धी गाळलेली, कारण गाणारा एकच आणि तो अश्विनशेठ. नाटकाची जात तालेवार. मोलिएरने १६६० मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेलं 'स्गानारेल', त्यावरून आर्थर मर्फीचं इंग्रजी, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांचं १८९३ चं गद्य 'तसबिरीचा घोटाळा', आणि त्याला पदं घालून १९१६ साली गंधर्व मंडळीने आणलेलं 'संशयकल्लोळ'. देवल त्याच वर्षी गेले. पॅरिसमधून निघालेलं भांडण अडीचशे वर्षांत पुण्यात आलं, आणि आणखी साठेक वर्षांनी नागभीड तालुक्यातल्या धानाच्या बांधीत. प्रेक्षकांपैकी कोणाला ते परकं वाटलं नाही. बायकांच्या बाजूने तर मला मधूनच सल्ले येत होते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते. फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका ते दुरून पाहते आणि जे समजायचं ते समजते. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडलेली असते, ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर पाहत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. मग तसबीर त्याच्या हाती येते, आणि ती त्याच्या हातात आहे हे अश्विनशेठ पाहतो. झालं. दोन जोडपी, चार जणांचे डोळे शाबूत, चौघांनी जे पाहिलं ते खरंच घडलेलं. खोटं कोणीच बोलत नाही. इथेच शपथ निकामी होते. फाल्गुनरावाने हजार वेळा देवाची आण घेतली असती की मी फक्त पडणाऱ्या पोरीला धरलं, तरी कृत्तिकेला त्याचा काय उपयोग? तिने धरलेलंच तर पाहिलं होतं.

कृत्तिकेचं लुगडं नेसून मला जे कळलं ते प्रेक्षकांत बसून कळलं नसतं. रागाचं पहिलं वाक्य म्हणताना माझ्या मनात रेवती नव्हतीच. मनात आलं ते असं की, परक्या पोरीला घेरी आली तर हा धावत जातो. मी चुलीपुढे घेरी येऊन पडले असते तर याने आधी विचारलं असतं, भाकऱ्या झाल्या का? हे देवलांच्या नाटकात नाही, माझ्या आईच्या तोंडात होतं. मी तिचं लुगडं नेसलो होतो, तिचं वाक्य फुकट आलं. तालमीत ते मी चुकून बोलून गेलो. दिग्दर्शक चिडले, आमचे पाटील होते ते. प्रयोगात मात्र पुन्हा म्हटलं आणि बायांकडून टाळ्या घेतल्या.

नवरा-बायकोच्या भांडणाचं मूळ संशयात असतं असं नाटकाचं नाव सांगतं. मला ते न फिटलेल्या आभारांत दिसतं. मराठी भांडणाचं ठरलेलं पालुपद आठवा, "मी होते म्हणून नांदले. दुसरी असती तर..." ही तक्रार नव्हे, हे बिल आहे. आणि नवऱ्याचं ठरलेलं उत्तर, "उपकार केलेस का माझ्यावर?" हे बिल नाकारणं. आपल्या भाषेत आईबापाचे पांग फेडतात. बायकोचे पांग फेडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तैत्तिरीय संहितेने ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो असं सांगितलं. ऋषींचं, देवांचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मणाने चौथं जोडलं, माणसांचं. पितरांचं ऋण संततीने फिटतं, म्हणजे ते फेडायला बायको लागते. पण तिचं स्वतःचं ऋण यादीत नाही. जिच्या हातून कर्ज फेडलं तिलाच घेणेकऱ्यांत धरलं नाही. चौथ्यात ती येते म्हणावं तर तिथे दारात आलेला प्रत्येक पाहुणाही येतो, आणि आमच्याकडे पाहुण्याची काय अवस्था ते सांगतो.

नाटकाचा दिवस म्हणजे झाडीपट्टीत सोयऱ्याधायऱ्यांचा दिवस. घरोघरी पंधरा-वीस माणूस. पोरी दाखवल्या जातात, सोयरिकी जुळतात. बाई सकाळपासून चुलीशी. दहाला नाटक लागतं, ती भांडी घासून, पोराला पाठुंगळी मारून, एक अंक होऊन गेल्यावर येते आणि मागे बसते. आधीच माइकवरून आभार मानून झालेले असतात. सरपंचांचे, पोलीस पाटलांचे, मंडपवाल्याचे, लाइटवाल्याचे, जागा देणाऱ्या शेतकऱ्याचे. ते आभार पुष्कळदा मीच वाचून दाखवले आहेत. वीस जणांना जेवू घालणाऱ्या बाईचं नाव त्या कागदावर एकदाही नव्हतं आणि ते नाही हे मला निवृत्त होईपर्यंत दिसलंही नाही. मग रंगमंचावरची बाई झाडू उचलते आणि नवऱ्याला जाब विचारते, तेव्हा मागच्या बाजूने जे हसू फुटतं त्याला मी नुसतं हसू म्हणणार नाही.

देणं मान्य झालं की भांडणाला मुद्दा उरत नाही. ते मान्य करणं जड जातं म्हणून नवरे शपथेकडे पळतात. शपथ स्वस्त पडते. तिने विचारलेलं असतं, माझं काय? हा उत्तर देतो, देवाशप्पथ मी काही केलं नाही. बरोबर आहे. काही केलं नाही हीच तर तिची तक्रार.

शपथेने संसार सावरल्याचं मोठं उदाहरण शोधायला गेलं तर उलटंच सापडतं. वाल्मीकींच्या उत्तरकांडात राम सीतेला भर सभेत शपथ घ्यायला लावतो. वाल्मीकी स्वतः तिची ग्वाही देतात, तरीही लावतो. ती घेते. मी रामावाचून दुसऱ्याचं चिंतन केलं नसेल तर धरणीने मला पोटात घ्यावं. शपथ शंभर टक्के खरी ठरते, धरणी दुभंगते, आणि रामाच्या हाती पुरावा उरतो, बायको उरत नाही. शपथ मागणाऱ्याला याहून वेगळं काय मिळणार होतं?

हे ज्याला सहन झालं नाही तो माणूस आमच्या झाडीचा. भवभूतीने आपलं गाव विदर्भातलं पद्मपूर म्हणून सांगितलं आहे, आणि वा. वि. मिराशींनी ते आमगावजवळचं, आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं पद्मपूर ठरवलं. आठव्या शतकातला हा माणूस. 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात त्याने काय केलं, तर गंगेच्या काठी वाल्मीकींचं नाटकच लावलं. प्रेक्षकांत राम, लक्ष्मण आणि सगळी प्रजा. रंगमंचावर सीतेचा त्याग, तिचे हाल, जुळ्यांचा जन्म. राम बघतो, बघता बघता मूर्च्छित पडतो. अरुंधती खऱ्या सीतेला पुढे आणते, तिच्या हाताच्या स्पर्शाने तो शुद्धीवर येतो, लोक तिला नमस्कार करतात. शपथ नाही, धरणी दुभंगत नाही. जिथे वाल्मीकींनी शपथ ठेवली होती तिथे आमच्या माणसाने नाटक ठेवलं. तिने काय सोसलं ते नवऱ्याला शेवटपर्यंत बसून पाहायला लावलं. तिथे तो घेरी येऊन पडतो, बायको हात लावते आणि संसार जुळतो. देवलांकडे पोरगी घेरी येऊन पडते, परका हात लावतो आणि दोन संसार मोडायची पाळी येते. देवलांच्या नाटकातही शेवटी सुटका होते ती कोणाच्या आणेने नाही. सगळे एका ठिकाणी जमतात, तसबीर कुठून कुठे गेली हे एकेकाने सांगितल्यावर गाठ सुटते. ऐकून घ्यायला बसले, एवढंच झालं.

वडशाच्या कंपन्या मार्कंड्याला नारळ फोडून हंगाम सुरू करोत की आणखी कुठे, माझ्या मते आमच्या रंगभूमीचा मूळ पुरुष भवभूती आहे. विद्वानांनी हसावं.

आता स्वतःचं. चार वर्षांपूर्वी नाटकाहून परतताना पहाटेच्या धुक्यात रानडुक्कर मोटारसायकलला धडकलं आणि माझं गळ्याचं हाड मोडलं. दीड महिना बायकोने मला लहान पोरासारखं न्हाऊमाखू घातलं. मी आभार मानले ते डॉक्टरांचे. पुढच्या हंगामाला ती म्हणाली, आता रातचं जायचं नाही. मी हो म्हटलं. माघात एका दुपारी कंपनीचा फोन आला, प्रॉम्प्टर तापाने पडला, नाटक आरमोरीकडे, तुम्ही नाही आलात तर परवड होईल. मी वही काढली. ती दारात उभी राहिली. "अजी, माझी शपथ हाये. गेल्ले तं माझं मेलेलं तोंड पाहाल."

मी गेलो. चाळीस माणसांचं पोट आहे वगैरे स्वतःला सांगत गेलो. त्या रात्री दुसऱ्या अंकात आणेचं वाक्य आलं आणि पहिल्यांदाच माझा आवाज बसला. नटाने आपल्या मनाने काहीतरी मारून नेलं. सकाळी साडेसहाला गावच्या वळणावरून मी आधी आमच्या घरावर धूर दिसतो का ते पाहिलं, मग दारात माणसं जमली आहेत का ते पाहिलं. ती अंगणात सडा टाकत होती. मला पाहून म्हणाली, "हात धुवा, चहा ठेवते."

दुपारी जेवताना मी विचारलं, शपथेचं काय? ती वरणात लिंबू पिळत होती. "तुमची गाडी चालू झाली तेव्हाच मी सुटली म्हनलं."

मला का नाही सांगितलं, म्हणालो. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नव्हता.

तिला म्हणे रात्री फार छान झोप लागली होती.